वर्षातले सहा महिने नांदणारी भाषा

उत्तर ग्रीसमधल्या पिंडस पर्वतात समारिना नावाचं गाव आहे. उंची साधारण १,४५० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडं वर, आणि डोक्यावर स्मोलिकासचं २,६३७ मीटरचं शिखर. हिवाळ्यात इथे बर्फ आणि बंद दारं, एवढंच. उन्हाळा लागला की घरं उघडतात आणि १५ ऑगस्टला मेरीच्या सणाला गाव माणसांनी फुलून जातं. सण होतो तो 'थोरल्या मेरी'च्या चर्चपाशी. या चर्चच्या छपरावर पाइनचं झाड उगवलंय आणि त्याची मुळं कुठे गेलीत ते बाहेरून दिसतच नाही. आपल्याकडे भिंतीत पिंपळ उगवतो तसाच हा प्रकार, पण गावाला त्याचा कोण अभिमान!

इथल्या जुन्या माणसांची घरातली बोली ग्रीक नाही. ती लॅटिनच्या पोटची, रुमेनियनची बहीण. अभ्यासक तिला अरोमेनियन म्हणतात. बोलणारे स्वतःला 'अर्मन' म्हणवतात आणि भाषेला 'अर्मनेश्ती'. 'अर्मन' हे 'रोमानुस' म्हणजे रोमन या शब्दाचंच रूप. सुरुवातीच्या 'र'आधी 'अ' चिकटवायची या भाषेला खोडच आहे: लाल रंगाला रुमेनियनमध्ये 'रोशु', इथे 'अरोशु'. स्टेशनचं 'इष्टेशन' करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. शेजारी मात्र त्यांना 'व्लाख' म्हणतात. हा मूळचा जर्मानिक शब्द, अर्थ 'परका'. ब्रिटनमधल्या वेल्सचं नावही त्याच मुळाचं.

ही भाषा कागदावर उतरवायला देवनागरी फार सोयीची, असं माझं मत. 'कसं काय चाललंय?' याला ते म्हणतात 'त्सी फात्स?', आणि त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक'मधला च. दहाला म्हणतात 'जात्से', त्यातला ज 'जाड'मधला. 'अर्मन'मधला दुसरा अ लिहायला रोमन लिपीत अक्षराच्या डोक्यावर खुणा कराव्या लागतात. आपल्याला 'म' लिहिला की झालं.

आता एक गंमत. लॅटिनमध्ये छाती म्हणजे 'पेक्तुस'. रुमेनियनमध्ये त्याचं झालं 'प्येप्त', अर्मनेश्तीत 'केप्तु'. चांगलं म्हणजे रुमेनियनमध्ये 'बिने', इथे 'गिनी'. प चा क आणि ब चा ग कसा झाला? 'प्य' घाईघाईने दहा वेळा म्हणून पाहा. ओठ मिटलेले असतानाच जीभ 'य'साठी टाळूकडे उचललेली असते. पिढ्यानपिढ्या टाळूजवळचा आवाज बळावत गेला आणि शेवटी ओठांचं काम सुटलं. उरलं 'क्य', मग 'क'. फ चं असंच 'ह' झालं: लोखंड, लॅटिन 'फेर्रुम', इथे 'हेरु'. म्हणूनच रुमेनियन माणसाला ही भाषा ओळखीची वाटते, पण कान देऊन ऐकावी लागते.

आकड्यांत तर बाल्कनचा इतिहासच सापडतो. अकरा म्हणजे 'उन्स्प्रजात्से', शब्दशः 'दहावर एक'. शब्द लॅटिन, पण मोजायची तऱ्हा स्लाव्ह शेजाऱ्यांची. विसाला रुमेनियन 'दोन दहा' म्हणते. अर्मनेश्तीने मात्र लॅटिन 'विगिन्ती' जपला, 'यिंगित्स' करून. संस्कृत 'विंशति' आणि आपला 'वीस' त्याचेच दूरचे भाऊ. पुढचा एकवीस म्हणजे 'उन्स्प्रयिंगित्स', 'विसावर एक'. आपल्यासारखंच, आधी एक मग वीस.

डोंगरात एकटी पडली म्हणून भाषा टिकली, असं अशा गावांबद्दल हमखास लिहिलं जातं. समारिनाच्या बाबतीत ते मला पटत नाही. ही माणसं एकटी कधीच नव्हती. हिवाळाभर थेसलीच्या मैदानात, लारिसा-तिर्नावोसच्या बाजूला. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर. काहीजण खेचरांवर माल लादून बाल्कनभर फिरत. धनगरांचा वाडा हलतो तशी वाटचाल, फक्त इथे अख्खं गाव हलायचं. ११व्या शतकातल्या केकाउमेनोस या बायझंटाइन लेखकानेही नोंदवलंय की व्लाखांची गुरं आणि बायकामुलं एप्रिल ते सप्टेंबर उंच, थंड डोंगरांत असतात. १९१० साली वेस आणि थॉम्पसन हे दोघे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ तिर्नावोसहून अशाच कुटुंबांसोबत समारिनाच्या वाटेला लागले होते. बाजारात आणि चर्चमध्ये ग्रीक, चुलीपाशी आणि कळपामागे अर्मनेश्ती. दूध 'लाप्ती', चीज 'काश', लोकर 'लन'. कळपाचे हे शब्द थेट लॅटिनमधून आलेले. दोन भाषांनी जागा वाटून घेतल्या होत्या, आणि माझ्या मते टिकण्याचं गुपित त्या वाटणीत होतं.

वाटणी मोडायला सुरुवात बरीच आधी झाली होती. आजच्या अल्बेनियातलं मोस्कोपोले हे या लोकांचं भरभराटीचं शहर. तिथल्या दानिएल नावाच्या विद्वानाने ग्रीक, अर्मनेश्ती, बल्गेरियन आणि अल्बेनियन असा चार भाषांचा कोश केला. त्याची १८०२ ची छापील आवृत्ती प्रसिद्ध आहे. हेतू असा की बाकी तिघांनी आपापली बोली सोडून ग्रीक शिकावी. दैव पाहा, आज त्या काळची अर्मनेश्ती कशी होती हे शोधायचं तर त्याचाच कोश उघडावा लागतो! पुढे रुमेनियाने या लोकांसाठी शाळा काढल्या, १९०५ मध्ये उस्मानी सुलतानाने त्यांना वेगळा समाज म्हणून मान्यता दिली, आणि घरातली बोली राजकारणात ओढली गेली. आपण कोणत्या भाषेत बोलतो यावरून निष्ठा मोजली जाऊ लागली, तेव्हा अनेकांनी पोरांशी ग्रीकच बोलायचं ठरवलं.

युनेस्कोच्या नकाशात ही भाषा आज निश्चितपणे धोक्यात असलेल्यांपैकी एक. उत्तर मॅसिडोनियात क्रुशेवोला तिला पालिकेच्या कारभारात तरी अधिकृत स्थान आहे. ग्रीसमध्ये तेही नाही. ऋतूप्रमाणे मेंढरं हलवण्याच्या परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यात ग्रीसही आहे. पण मेंढरं आता बरीचशी ट्रकमधून वर जातात आणि मुलांच्या शाळा खाली शहरात असतात. एप्रिल ते सप्टेंबरचा मुक्काम पुष्कळ घरांसाठी १५ ऑगस्टच्या आगेमागे काही दिवसांवर आलाय. तेवढ्या दिवसांत आजी 'त्सी फात्स?' विचारते. नातवाला ते कळतं, आणि तो ग्रीकमध्ये उत्तर देतो.