मुलं किती, हा प्रश्न कुठून आला? ओव्हरीवरच्या पातळ थराची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन पुण्यात कर्वे रोडला डॉक्टरांकडे गेले होते. ओव्हरीच्या कॅन्सरचं निदान झालंय तिला. फाईल उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं, मुलं किती, आणि गर्भनिरोधक गोळ्या कधी घेतल्या होत्या का. मावशीला मूल नाही. परत येताना रिक्षात ती गप्पच होती, नळ स्टॉपला आल्यावर म्हणाली, "मूल नाही म्हणून झालं का गं मला हे?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

ओव्हरीच्या बाहेरून पेशींचा एक थर असतो, एका पेशीइतकाच जाड, इतका नाजूक की ऑपरेशनमध्ये बोटाचं ग्लव्ह जरा घासलं तरी निघून येतो. १८७० मध्ये वाल्डेयर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला वाटलं की स्त्रीबीजं ह्याच थरातून तयार होतात, आणि तशा अर्थाचं नाव थराला कायमचं चिकटलं. नंतर कळलं की बीजांच्या मूळ पेशी गर्भ असतानाच दुसरीकडून चालत ओव्हरीत येतात, पण तोपर्यंत नाव पुस्तकांत बसलं होतं.

ह्या थराचं खरं काम दिसतं ते दर महिन्याला. बीज बाहेर पडताना तिथला थर फाटतो, आजूबाजूच्या पेशी भराभर वाढून ती जखम झाकतात आणि मग थांबतात. आयुष्यात असं साधारण चारशे वेळा होतं. १९७१ मध्ये इजिप्तच्या डॉ. महमूद फतल्लांनी लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छोटासा लेख लिहून विचारलं की ही अखंड फाटाफूट आणि दुरुस्ती हेच तर कॅन्सरचं एक कारण नसेल? गरोदरपणात आणि गोळी चालू असताना बीज सुटत नाही, म्हणजे थराला तेवढी विश्रांती. मावशीला विचारलेला प्रश्न इथून आलाय. जवळपास रोज अंडं देणाऱ्या कोंबड्यांना वय झालं की हाच कॅन्सर आपोआप होतो, म्हणून संशोधनात कोंबड्या वापरतात. आणि २००८ मध्ये ४५ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गोळीच्या दर पाच वर्षांमागे धोका साधारण २० टक्क्यांनी कमी दिसला.

पण जखम झाली हे पेशीला कळतं कसं, आणि आता पुरे हे कोण सांगतं? माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हा आहे. स्टॅन्ली कोहेन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ नवजात उंदरांना एका लाळग्रंथीचा अर्क टोचत होते, तर पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांऐवजी सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडायला लागले! त्यांनी ते सोडून दिलं नाही, मागे लागून १९६२ मध्ये त्यातलं प्रोटीन वेगळं काढलं, तेच ईजीएफ, म्हणजे पेशींना वाढायला लावणारा एक ग्रोथ फॅक्टर, त्याबद्दल १९८६ चं नोबेल रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनींबरोबर मिळालं. ईजीएफ पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रोटीनला चिकटतं, मग आत रास, राफ, मेक, ईआरके अशी प्रोटीनांची साखळी एकमेकांना जागं करत केंद्रकापर्यंत निरोप नेते की वाढ. शेजारून पीआय३के आणि एकेटी ह्या प्रोटीनांची दुसरी वाट जाते, ती पेशीला जगायला सांगते, आणि तिच्यावर पीटेन नावाच्या प्रोटीनचा ब्रेक असतो. ओव्हरीवरच्या थराला थांब म्हणणारं एक प्रोटीन म्हणजे टीजीएफ-बीटा. नॉर्मल पेशी त्याचं ऐकतात, कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ऐकत नाहीत.

हे माणसाच्या पेशींत बघता आलं ते कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधक नेली आउअरस्पर्ग ह्यांच्यामुळे, त्यांनी १९८० च्या दशकात हा थर हलकेच खरवडून प्लेटमध्ये वाढवला. आधी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या पेशी नंतर लांबट होऊन सुट्या सुट्या सरकायला लागतात, जखम भरतानाही असंच होत असणार. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस ह्या पेशींवर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत शर्मिला बापट ह्यांच्या गटाने २००५ मध्ये पेशंटच्या पोटात साठलेल्या पाण्यातून पेशी वाढवून त्यात स्टेम सेलसारख्या, म्हणजे स्वतःसारख्या नव्या पेशी बनवत राहणाऱ्या पेशी असतात हे दाखवलं. मी कितीतरी वर्षं त्या गेटवरून गेलेय, आत हे चाललंय ह्याची कल्पनाच नव्हती.

मग गोष्टीला वळण लागलं. २००१ मध्ये डच डॉक्टरांना, ज्या बायकांच्या घराण्यात हा कॅन्सर आहे त्यांच्या काढून टाकलेल्या बीजवाहिन्यांमध्ये बिघडलेल्या पेशी सापडल्या, आणि आता मावशीसारखे हाय ग्रेड सीरस (सगळ्यात जास्त आढळणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या) प्रकारचे बरेचसे कॅन्सर बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाकडून सुरू होतात असं मानतात. म्हणजे आधीचं काम वाया गेलं का, तर अजिबात नाही, कारण बीज सुटताना त्याच्याबरोबर बाहेर येणारं, ग्रोथ फॅक्टर असलेलं पाणी त्या झालरीवरही पडतं. २०११ मध्ये ४८९ गाठी तपासल्या, त्यातल्या ३१६ गाठींचे जीन वाचले, जवळजवळ सगळ्यांत पेशींच्या बेफाम वाढीला आवर घालणारा टीपी५३ हा जीन बिघडलेला आणि ४५ टक्क्यांत रास नाहीतर पीआय३केच्या वाटेत काहीतरी गडबड. मावशीच्या रिपोर्टवरचं पी५३ म्हणजे ह्याच जीनचं प्रोटीन.

काल रात्री हे सगळं तिला फोनवर सांगितलं, पिल्लांच्या डोळ्यांचं दोनदा सांगायला लावलं तिने. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे चार-चार मुलं असलेल्यांनाही होतो ना गं?"

हो मावशी, त्यांनाही होतो.