चाळ (मुंबई)

मुंबईतील कामगारवस्त्यांचा घरप्रकार आणि त्या घरांतून घडलेली सामूहिक राहणी. एका लांब गॅलरीवर ओळीने उघडणाऱ्या एकखणी वा दोनखणी खोल्या, खोलीच्या कोपऱ्यात मोरी, डोक्यावर पोटमाळा आणि मजल्याच्या टोकाला सर्वांचे मिळून संडास, अशी चाळीची सर्वसाधारण रचना असते.

कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तसे कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले. त्यांच्यासाठी खासगी मालकांनी चाळी बांधल्या. १८९६ च्या प्लेगने या दाटीचा धोका उघड केल्यावर १८९८ मध्ये वस्ती सुधारण्यासाठी सुधार न्यास (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, बीआयटी) स्थापन झाला. बाबासाहेब आंबेडकरांचे परळमधील वास्तव्य याच न्यासाच्या चाळीत होते. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या. इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, तीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची.

एवढ्या जागेत एक कुटुंब मावणेही कठीण, तरी अनेक खोल्यांत गावकी, म्हणजे एकाच गावचे अनेक पुरुष मिळून, राहत असे. भिंतीलगत ट्रंका, दोरीवर कपडे. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. खोलीत अशी दाटी, म्हणून दिवसाचा बराचसा व्यवहार गॅलरीत चाले. तांदूळ निवडणे, अभ्यास, भांडण, आजाऱ्याची विचारपूस, सारे त्या कठड्याशी. चाळीतला शेजार हा स्वभावाइतकाच बांधणीचाही परिणाम आहे: गॅलरीतून जाताना दहा दारांवरून जावे लागते आणि दारे उघडी असतात. याची दुसरी बाजूही तितकीच खरी. खाजगीपणा नाही, पहाटे संडासापुढे रांग, आणि पाण्याचा सर्वाधिक जाच बायकांना.

चाळीची कला याच मोकळ्या जागांत वाढली. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणी वस्तीत, दोन चाळींमधल्या पटांगणात भजनी मंडळांच्या बाऱ्या (सामने), जाखडी आणि नमन हे कोकणातले लोककलाप्रकार आणि शाहिरी रंगत असे. प्रेक्षकांसाठी तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या होत्याच. हौशी कामगार रंगभूमीला परळच्या दामोदर नाट्यगृहाने रंगमंच दिला. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळाही याच वस्तीतल्या.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण दुरुस्तीतून मालकांचे लक्ष उडाले. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, त्यामुळे शहराचा आणि कामगारांचा हिस्सा फार आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळला गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला, आणि अनेक गिरणी कामगारांच्या वाट्याला पनवेलजवळच्या कोन गावातली घरे आली.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, करत आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. घरात स्वतःचा संडास, स्वतःचे पाणी ही रहिवाशांची पिढ्यान् पिढ्यांची न्याय्य मागणी होती. गॅलरी मात्र कोणाच्याच नावावर नव्हती, त्यामुळे क्षेत्रफळाच्या हिशेबात ती धरली गेली नाही. उंच इमारतीत लिफ्टमधून उतरून आपल्या दारापर्यंत जाताना वाटेत लागतात ती बंद दारे.