अमेरिकन मराठी मिशन

अमेरिकेतील 'अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरेन मिशन्स' या संस्थेने मराठी मुलखात धर्मकार्यासाठी पाठवलेल्या मिशनऱ्यांचा संघ. बोर्डाची स्थापना १८१० ची. अमेरिकेतील चर्चांनी समुद्रापलीकडे धाडलेल्या अगदी पहिल्या तुकडीतले दोघे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले, तेव्हापासून या मिशनचा इतिहास मोजतात. मुंबईखेरीज अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, सोलापूर, शिरूर, राहुरी आणि नेवासे तालुक्यातील वडाळा ही त्याची प्रमुख ठाणी होती.

मिशन म्हटले की आपल्याला दगडी चर्च, शाळा आणि दवाखाना आठवतो, कारण आपण ते यजमानाच्या अंगणातून पाहतो. पाठवणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर 'परदेश' म्हणजे आपलाच मुलूख होता. बोस्टनच्या आसपासच्या खेड्यांत वाढलेली, पंचविशीच्या आतबाहेरची माणसे, ज्यांनी मराठीचा एक शब्दही ऐकलेला नव्हता, ती इथे आयुष्यभरासाठी येत. काही वर्षे सेवा करून परतायचे, ही कल्पना तेव्हा नव्हती. बोर्डाची नेमणूक जन्माची धरली जाई आणि प्रकृती ढासळली तरच घरचे जहाज मिळे.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली : अॅडोनिराम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. दोन जहाजांनी ते कलकत्त्याला पोचले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितले. कंपनीला आपल्या राज्यात मिशनरी नको होते. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटलेले, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे निघाले. वाटेत हॅरिएट न्यूएल बाळंत झाली, बाळ गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तीही गेली. तिचे वय होते १९. जिथे काम करायचे त्या जागेचे तोंडही तिने पाहिले नाही. अमेरिकेत मात्र तिच्या चरित्राने पुढच्या पिढीतल्या कितीतरी मुलींना या वाटेवर आणले.

जडसन ब्रह्मदेशाला गेला. हॉल आणि नॉट कलकत्त्याहून गुपचूप मुंबईला आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने अनुकूल होता, पण वरून हुकूम सुटला होता की यांना विलायतेला पाठवा. दोघे कोचीनपर्यंत निसटले, तिथून परत आणले गेले. शेवटी हॉलने नेपियनला एक पत्र लिहिले, त्यात कायदा बाजूला ठेवून देवापुढच्या निवाड्याची आठवण दिली. १८१३ च्या कंपनीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडले आणि ही जोडी मुंबईत टिकली. नॉट आजारपणामुळे १८१५ मध्ये परतला. न्यूएल सिलोनमार्गे मुंबईला येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये पटकीने (कॉलऱ्याने) वारला.

गॉर्डन हॉलचा शेवट थोडा तपशिलाने सांगायला हवा, कारण परदेशी सेवा या शब्दाचा अर्थ तिथे उघडा पडतो. मार्च १८२६ मध्ये तो नाशिककडे फिरतीवर गेला. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने तिथल्या रोग्यांना वाटून टाकली आणि परतीला लागला. वाटेतल्या एका खेड्यात रात्री तो देवळाच्या ओवरीत चटई टाकून निजला. तिथेच पटकीने लागलेली दोन माणसे पडून होती. पहाटे त्यालाही लागण झाली. स्वतःसाठी औषध जवळजवळ उरलेच नव्हते. दुपारपर्यंत तो गेला. बरोबरच्या दोन मुलांनी खड्डा खणला, घोंगडीत गुंडाळून त्याला पुरले. वय ४१. ज्या देवळांविरुद्ध तो आयुष्यभर बोलत आला, त्यातल्याच एकाने त्याला शेवटची रात्र काढायला आसरा दिला होता. त्याच वर्षी बायबलमधील नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून पूर्ण झाले.

छपाई हे या मिशनचे मराठीला मिळालेले सर्वांत मोठे देणे. १८१६ च्या अखेरीस होरेशियो बार्डवेल छापखाना घेऊन मुंबईला आला आणि १८१७ मध्ये पहिली मराठी पुस्तिका निघाली. देवनागरीचे खिळे (छपाईचे टाइप) आधी बंगालमधून मागवावे लागत. पुढे टॉमस ग्रॅहमच्या देखरेखीखाली अक्षरे इथेच कोरली आणि ओतली जाऊ लागली, आणि मराठी छपाईला गोल, सुबक वळण आले. हा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना उभा केला. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी इथेच टाइप घासण्याच्या कामावर होते. म्हणजे ज्या निर्णयसागरने संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या घरोघरी नेल्या, त्याच्या मालकाने पहिला खिळा हातात धरला तो बायबल छापणाऱ्या कारखान्यात. मिशनरी काय पेरायला आले आणि काय उगवले याचा हिशोब असा सरळ लागत नाही.

१८३१ मध्ये अॅलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड यांनी अहमदनगरला ठाणे घातले. घाटावरची कोरडी हवा मुंबईपेक्षा मानवेल अशी आशा होती. हर्वी वर्षही न होता पटकीने वारला. ग्रेव्ह्जने पुढे महाबळेश्वरी राहून काम चालवले आणि १८४३ मध्ये तो तिथेच गेला. तरीही पुढची शंभर वर्षे नगर हेच मिशनचे हृदय राहिले. हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायणपंत यांचा १८३९ मधला बाप्तिस्मा इथलाच. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच सुरू झाले.

परदेशात संघाने राहायचे म्हणजे काय, हे बाहेरून दिसते तितके सोपे नव्हते. पगार हुद्द्यावर ठरत नसे, घरखर्च भागेल इतका मिळे. कोणाला कुठल्या ठाण्यावर ठेवायचे, शाळा उघडायची की बंद करायची, नवा उपदेशक घ्यायचा का, हे सारे मिशनच्या वार्षिक सभेत मतांनी ठरे आणि मग मंजुरीसाठी बोस्टनला लिहून जाई. शिडाच्या जहाजांच्या काळात पत्राला एका बाजूने चार-पाच महिने लागत. उत्तर येईतो निम्मे प्रश्न सुटलेले असत, नाहीतर विचारणारा गेलेला असे. मिशनऱ्यांच्या बायका आणि अविवाहित शिक्षिका यांची नोंद 'साहाय्यक' म्हणून होई, मग त्यांनी कितीही काम केलेले असो.

हा शब्द सिंथिया फरार यांना तर मुळीच शोभत नाही. त्या १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या. अमेरिकेने परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. आधी मुंबईत आणि १८३९ पासून नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले नगरला मित्राकडे गेले असता त्यांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि मुलींना मिळणारे शिक्षण पाहून आपण प्रसन्न झालो, असे 'ज्ञानोदय'च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात आलेल्या मुलाखतीत त्यांनीच सांगितले आहे. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षणही नगरला फरारबाईंकडे झाले, असे चरित्रकार लिहितात. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पुण्याच्या पहिल्या मुलींच्या शाळेचे श्रेय फुले दांपत्याचेच आहे, ते कोणा पाहुण्याला देण्याचे कारण नाही. पण ठिणगीची जागा नोंदवलीच पाहिजे.

भाषा शिकणे ही या सेवेची पहिली पायरी होती. पंडित ठेवायचा, बाजारात उभे राहायचे, लोक हसले तरी बोलायचे. यातून काही जण भाषेत इतके बुडाले की मूळ काम मागे पडते की काय असे वाटावे. एबनेझर बर्जेस याने शाळांसाठी मराठीत खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. त्यासाठी इथल्या ज्योतिषाची माहिती हवी म्हणून तो सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथाकडे वळला, आणि त्या ग्रंथाचे सटीप इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. शाळेच्या मुलांना चंद्र-सूर्य समजावून सांगण्याच्या खटपटीतून जगाच्या विद्वानांना एक मोठा ग्रंथ मिळाला. वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक शेती आणि पाखरे यांत रमत. दक्षिणेतल्या डोंगरांतल्या एका कस्तुरासारख्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आहे, ते यांच्यावरून. ख्रिस्ती कीर्तनाला त्यांनी मनापासून उत्तेजन दिले. टाळ-वीणा घेऊन, पूर्वरंग-उत्तररंग साधून येशूची कथा सांगणारे कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार खेड्यांत जी गर्दी खेचत, ती कोणत्याही साहेबाच्या व्याख्यानाला जमत नसे. गावोगाव काम खरे उभे केले ते अशा इथल्याच माणसांनी : उपदेशक, शिक्षक, आणि बायांना बायबल सांगत फिरणाऱ्या बायबलबाया. त्यांचा पगार साहेबाच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नसे, आणि बोस्टनला जाणाऱ्या अहवालांत त्यांची नावे क्वचितच येत. ही या इतिहासातली दुखरी बाजू आहे.

ती सगळ्यांना दिसत नव्हती असे नाही. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आला आणि लवकरच त्याने मिशनचा पगार घेणे सोडले. बाजारवस्तीत एक लहानशी खोली घेऊन, शिकवण्या करून तो राहिला. १८८८ मध्ये वारेपर्यंत, चाळीस वर्षांत, तो एकदाही मायदेशी गेला नाही. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू घेऊन विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जे वाद घातले, त्यांचा वृत्तांत बोवेननेच इंग्रजीत छापला. प्रतिपक्षाची बाजू छापणे हा त्या काळच्या धर्मवादांत दुर्मीळ गुण होता.

बोस्टनशी खटके उडत. बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः येऊन गेला. इथल्या मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चांनी, आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार आपणच सांभाळावा, शिक्षण मराठीतून द्यावे, असा त्याचा आग्रह. एतद्देशीय पाळकांना दीक्षा मिळू लागली ती याच सुमारास. तत्त्व चांगले होते, पण मिशनच्या इंग्रजी शाळेला त्यापायी टाळे लागले.

दुसरा खटका रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचा. त्यांचे वडीलही याच मिशनचे, १८५४ मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच वारलेले. मुलगा १८४७ मध्ये मुंबईत जन्मला, येलमध्ये शिकला आणि १८७४ मध्ये नगरला आला. १८७८ मध्ये तिथे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले, त्याची धुरा ह्यूम यांनीच वाहिली. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी जाहीर सभेत विचार मांडला की ज्यांच्या कानी येशूचे नाव कधी पडलेच नाही, त्यांना मृत्यूनंतरही संधी मिळत असावी. एवढ्यावरून त्यांची रवानगी अडली आणि मोठ्या वादानंतर त्यांना परत येऊ दिले गेले. नगर जिल्ह्यातल्या शेजाऱ्यांचे आजे-पणजे नरकात आहेत असे सांगत त्यांच्यात कसे राहायचे, हा प्रश्न बोस्टनच्या खोलीत बसून पडत नाही. तो इथे राहिलेल्यालाच पडतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात केलेल्या कामाबद्दल ह्यूम यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. दुष्काळांच्या या वर्षांत खेड्यांतले महार-मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. पोटासाठी धर्म सोडला, हा आरोप तेव्हापासून होत आला. गावाने पाण्याला शिवू दिले नाही आणि कोणी मुलाला पाटी दिली, यात भाकरीइतकाच मानाचाही प्रश्न होता, हे आरोप करणारे विसरतात.

कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत याच मिशनमध्ये झाला. त्यानंतर टिळक बरीच वर्षे नगरला राहिले. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. पण परदेशी पैसा आणि परदेशी चौकट यांत मराठी ख्रिस्ती माणूस गुदमरतो, ही त्यांची तक्रार वाढत गेली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा मिशनच्या चौकटीबाहेरचा भक्तसंघ काढला. त्यांची भजने आजही मराठी चर्चांत 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडून म्हटली जातात.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. मिशनची शाळा-दवाखान्यांची जबाबदारी हळूहळू इथल्या माणसांकडे आली. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, त्यात या मंडळ्याही सामावल्या.

याच मिशनचे रेव्हरंड जस्टिन अॅबट १९१० मध्ये अमेरिकेला परतले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. अॅबट यांनी उतारवयात जे काम हाती घेतले ते तुकोबांचे आणि संतचरित्रकार महिपतीच्या भक्तकथांचे. १९२६ पासून एकेक खंड निघत गेला : भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम. पुण्याच्या पंडित गोडबोल्यांची त्यांना मदत होती. समुद्रापलीकडच्या घरात बसून हा म्हातारा मिशनरी १९३२ मध्ये मरेपर्यंत मराठी ओव्यांचा अर्थ इंग्रजीत लावत होता.