सोप्या पेपरमिंट फजची पार्श्वभूमी: पाक, डबा आणि पुदिन्याचं तेल

नाताळच्या दिवसांत अमेरिकेतल्या घरांमध्ये पेपरमिंट फज, म्हणजे पुदिन्याच्या स्वादाची मऊ गोड वडी करतात, त्याची आजची कृती चार ओळींत मावते. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, साधारण अर्धा किलो व्हाइट चॉकलेट, अर्धा छोटा चमचा पेपरमिंटचा अर्क आणि वरून पेरायला लाल-पांढऱ्या कँडी केनचा, म्हणजे वाकड्या टोकाच्या साखरेच्या कांडीचा चुरा. मंद आचेवर चॉकलेट डब्यातल्या दुधात वितळवायचं, गॅसवरून उतरवून अर्क घालायचा, कागद लावलेल्या ट्रेमध्ये ओतायचं आणि फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवून वड्या पाडायच्या. तापमापक नको, पाक नको, हात दुखेपर्यंत घोटणं नको. जुन्या पद्धतीने करणारे म्हणतात की हे खरं फज नव्हेच. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. फजचा जन्मच मुळी मिठाईच्या कारखान्याबाहेर, पुरेशी साधनं नसलेल्या हातांनी झाला. ते सोपं करण्याची धडपड तेव्हापासून चालू आहे.

फजचा सर्वांत जुना भरवशाचा उल्लेख अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा आहे. एमिलिन हार्ट्रिज ही न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार महाविद्यालयाची विद्यार्थिनी. तिने नंतर एका पत्रात लिहून ठेवलं की तिच्या शाळासोबतिणीच्या नात्यातलं कुणीतरी बाल्टिमोरमध्ये फज करायचं आणि 1886 मध्ये ते तिथल्या किराणा दुकानात 40 सेंटला पौंड या भावाने विकलं जायचं. हार्ट्रिजने कृती मिळवली, महाविद्यालयात करून पाहिली आणि 1888 मध्ये तिथल्या एका लिलावासाठी तब्बल 30 पौंड फज केलं, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. कृती अगदी थोडक्यात होती: दोन कप साखर, एक कप साय, चॉकलेट आणि चमचाभर लोणी. साखर-साय तापली की चॉकलेट, उकळी फुटली की लोणी. बशीत थोडं काढून घोटल्यावर दाटून आलं की उतरवायचं, गार होईपर्यंत घोटायचं आणि लोणी लावलेल्या डब्यात ओतायचं.

थोड्याच वर्षांत हे वेड मुलींच्या इतर महाविद्यालयांत पोहोचलं. स्मिथ महाविद्यालयाच्या फजमध्ये ब्राऊन शुगर आणि काकवी असायची, वेल्झलीच्या फजमध्ये मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चॉकलेट कंपन्यांच्या पाककृती पुस्तिकांत ही तिन्ही फजं आपापल्या महाविद्यालयाच्या नावाने छापली जात होती. वसतिगृहाच्या खोलीत स्वयंपाकघर नव्हतं. मुली गॅसच्या दिव्यावर किंवा स्पिरिटच्या छोट्या शेगडीवर पातेलं ठेवायच्या, आणि दिवे मालवण्याच्या वेळेनंतरही जागं राहायला हे एक निमित्त व्हायचं. विसाव्या शतकातल्या सोप्या कृतींकडे मी तुच्छतेने पाहत नाही, त्याचं कारण हेच. फज घडवलं ते खोलीत चोरून पातेलं तापवणाऱ्या विद्यार्थिनींनी, हलवायाच्या पेढीवर बसलेल्या उस्तादांनी नव्हे. स्कॉटलंडमध्ये साखर, दूध आणि लोण्याची टॅब्लेट नावाची वडी याच्या कितीतरी आधीपासून होती, पण ती कडक आणि रवाळ. मऊ, तोंडात विरघळणारं चॉकलेटचं फज हे या मुलींच्या पिढीचं काम.

सोपं करण्याची गरज का पडली, हे पाकाचं शास्त्र पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या पद्धतीच्या फजमध्ये मिश्रण साधारण 112 ते 116 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे गोळीबंद पाकापर्यंत शिजवतात. पाण्याच्या वाटीत थेंब टाकला तर त्याची मऊ गोळी वळता येते. या टप्प्यावर पाण्याच्या मानाने साखर इतकी जास्त झालेली असते की पाक गार होऊ लागताच ती पुन्हा रव्याच्या रूपात बाहेर पडायला टपलेली असते. आता सगळी मदार रवे कधी आणि किती मोठे धरतात यावर. पाक गरम असतानाच ढवळला तर थोडेच पण मोठे रवे तयार होतात आणि वडी जिभेला खरखरीत लागते. म्हणून तो हात न लावता 45 अंशांच्या आसपास येऊ द्यायचा आणि मग जोरात घोटायचा. तेव्हा एकाच वेळी असंख्य बारीक रवे धरतात, इतके बारीक की जिभेला जाणवतच नाहीत. पृष्ठभागावरची चकाकी गेली की ओतायचं. थोडं उशिरा ओतलं तर पातेल्यातच दगड होतो. पातेल्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा एक कण आत पडला तरी तो रव्यांची साखळी सुरू करून देतो. हार्ट्रिजच्या कृतीत तापमापक नव्हता आणि उतरवल्यावर गार होईपर्यंत घोटत राहायचं होतं. आजच्या ज्ञानाने पाहिलं तर त्यांचं फज कधी रेशमी, कधी रवाळ होत असणार.

मिशिगन राज्यातल्या मॅकिनॉ बेटावर हेच कौशल्य तमाशासारखं लोकांपुढे मांडलं गेलं. मर्डिक कुटुंबाने तिथे 1880 च्या दशकात मिठाईचं दुकान काढलं. गरम फज संगमरवरी फरशीवर ओतून लांब दांड्याच्या उलथन्याने वळवत राहायचं, आणि ते पाहायला पर्यटक काचेबाहेर उभे राहायचे. फरशी उष्णता शोषून घेते, त्यामुळे घोटण्याचा क्षण कारागिराच्या हातात राहतो. घरी कुणाकडे अशी फरशी असणार?

घरच्यांसाठी वाट काढली ती डब्यांनी. गेल बोर्डन यांना 1856 मध्ये निर्वात भांड्यात दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. हवेचा दाब कमी केला की दुधातलं पाणी कमी तापमानालाच उकळून जातं, दूध करपत नाही. त्यात भरपूर साखर घातली की झालं कंडेन्स्ड मिल्क, आणि ते टिकतं, कारण जिवाणूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने हे दूध मोठ्या प्रमाणावर घेतलं आणि सैनिक परतल्यावर ते घराघरांत रुळलं. फजच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी की साखर विरघळवणं आणि पाणी उडवणं, ही दोन्ही अवघड कामं कारखान्यातच होऊन गेलेली असतात. डबा उघडला की अर्धं फज तयार.

दुसऱ्या बाजूने कॉर्न सिरप, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेला गोड पाक आला. 1902 पासून तो घरगुती वापरासाठी बाटल्या-डब्यांत मिळू लागला. त्यातले ग्लुकोजचे रेणू साखरेच्या रेणूंच्या रांगेत लुडबुड करतात आणि मोठे रवे धरू देत नाहीत. मार्शमॅलोची पेस्टही तेच करते. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलमध्ये आर्चिबाल्ड क्वेरी यांनी 1917 च्या सुमारास अशी पेस्ट करून विकायला सुरुवात केली होती. पुढे 1950 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने जी फजची कृती देशभर गाजली, तिच्यात ही पेस्ट, आटवलेल्या दुधाचा डबा आणि भरपूर चॉकलेट होतं. मधल्या काळात 1942 ते 1947 अशी पाच वर्षं अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, हे लक्षात घेतलं की युद्धानंतरच्या नाताळात साडेचार कप साखरेचं फज लोकांनी इतकं डोक्यावर का घेतलं, ते उमगतं.

आक्षेपाचा जो अर्धा भाग मला पटतो, तो इथे येतो. कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेटचं फज साखरेच्या रव्यांमुळे घट्ट होतच नाही. ते घट्ट होतं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी गार होऊन गोठते म्हणून. साधारण 34 अंशांना वितळणारं हे स्निग्ध द्रव्य तोंडात गेल्याबरोबर पातळ होतं. म्हणून ही वडी गुळगुळीत लागते, पण दाताखाली तुटण्याची ती नाजूक भुसभुशीत जाणीव तिच्यात नसते. दोन वेगळ्या रचना आहेत आणि दोघींची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. व्हाइट चॉकलेट घेताना मात्र डब्यावरची अक्षरं वाचावीत. अमेरिकेत 2004 पासून त्या नावाने विकायचं तर किमान 20 टक्के कोको बटर असावं लागतं. नुसत्या पांढऱ्या बेकिंग चिप्समध्ये बऱ्याचदा दुसरीच वनस्पतिजन्य चरबी असते आणि त्यांचं फज वेगळं जमतं.

आता पेपरमिंट, या वडीचा मला सर्वांत आवडणारा भाग. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट या पुदिन्याच्या दोन जातींचा संकर. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये सापडलेल्या या झाडाची नोंद जॉन रे यांनी 1696 मध्ये केली. संकर असल्यामुळे त्याला रुजणारं बी जवळपास धरतच नाही. जमिनीलगत पसरणारे धुमारे तोडून लावायचे, एवढाच मार्ग. लंडनजवळच्या मिचम गावात अठराव्या शतकापासून त्याची मोठी शेती झाली आणि ‘ब्लॅक मिचम’ हा वाण आजही जगभर लावला जातो. समुद्रापलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या लायन्स गावी हायरम हॉचकिस यांनी तेल गाळण्याचा व्यवसाय उभा केला आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांच्या तेलाला पदक मिळालं. नंतर शेती मिशिगनच्या काळ्या दलदलीच्या जमिनीत सरकली. तिथे कॅलमझूचे अल्बर्ट टॉड ‘पेपरमिंट किंग’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या मळ्याभोवती वसलेल्या वस्तीचं नावच मेंथा, म्हणजे लॅटिनमध्ये पुदिना, होतं. म्हणजे मॅकिनॉच्या फरशीवर फज वळवलं जात होतं, तेव्हा त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला पुदिन्याचं तेल पिंपांत भरलं जात होतं. पुढे मुळांतून शिरणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीने मिशिगनचे मळे पोखरले आणि शेती पश्चिमेला ओरेगन, वॉशिंग्टनकडे गेली. धुमाऱ्यांवरच वाढणाऱ्या पिकाला असा रोग विशेष जड जातो, कारण एका आजारी झाडाचे तुकडे पुढच्या साऱ्या शेतात जातात.

नाताळशी याची गाठ घातली ती साखरेच्या कांड्यांनी. पांढऱ्यावर रंगीत पट्ट्यांच्या पेपरमिंट कांडीची कृती अमेरिकेत 1844 मध्ये छापलेली आढळते. स्वीडनमधल्या ग्रेना गावात अमालिया एरिक्सन या विधवेने 1859 मध्ये परवानगी मिळवून लाल-पांढऱ्या पेपरमिंट कांड्यांचा धंदा सुरू केला आणि मुलीला वाढवलं. कोलोनच्या गायकवृंदप्रमुखाने मुलांना गप्प बसवायला वाकडी कांडी दिल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या बॉब मॅकॉर्मॅक यांचा. त्यांचा कारखाना 1920 च्या दशकापासून या कांड्या करत होता, पण वाकडं टोक हाताने वळवावं लागे आणि कितीतरी कांड्या मोडायच्या. त्यांचे मेहुणे फादर ग्रेगरी केलर यांनी 1950 च्या दशकात वळवण्याचं यंत्र बनवलं आणि कांडी स्वस्त झाली. दरवर्षी घरात उरलेल्या कांड्या कुटून फजवर टाकणं त्यानंतरच परवडणारं झालं.

पुदिन्याचा गारवा हा खरा गारवा नव्हे. पेपरमिंटच्या तेलातलं मेंथॉल हे द्रव्य आपल्या मज्जातंतूंमधल्या ज्या संवेदनग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं, तोच थंडीनेही चेततो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी 2002 च्या सुमारास स्वतंत्रपणे हे दाखवलं. दोघांना तापमान आणि स्पर्शाच्या संशोधनासाठी 2021 चं नोबेल मिळालं.

या साऱ्याचा पातेल्यापाशी उपयोग असा. मेंथॉल उडून जाणारं असल्यामुळे अर्क नेहमी गॅसवरून उतरवल्यावर घालावा. शुद्ध पेपरमिंट तेल अर्काच्या कित्येक पट तीव्र असतं. ते वापरायचं तर चमच्याने नव्हे, थेंबाने मोजावं. व्हाइट चॉकलेटमधली दुधाची भुकटी पटकन करपते, त्यामुळे आच अगदी मंद हवी. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोचा कडवटपणा नसतो आणि पुदिना एकटाच पुढे येतो. मला स्वतःला खाली गडद चॉकलेटचा थर आणि वर पांढरा पेपरमिंटचा, अशी वडी जास्त आवडते. कांडीचा चुरा ओतल्या ओतल्या वर दाबावा म्हणजे चिकटतो. मात्र ती साखर हवेतला आणि फजमधला ओलावा ओढून घेते. दोन-तीन दिवसांत चुरा पाझरून लाल ओघळ येतात, म्हणून भेट द्यायच्या वड्यांवर तो शक्य तितक्या उशिरा, थोडं वितळलेलं चॉकलेट लावून टाकावा. आणि पेपरमिंट फज साध्या फजच्या डब्यात ठेवू नये, एका रात्रीत सगळ्याच वड्यांना पुदिन्याचा वास लागतो.