विमानाच्या धुरातील अतिसूक्ष्म कणांची मोजदाद

जेट विमानात जळणारे इंधन म्हणजे मूलतः शुद्ध केलेले केरोसिन. ते एक किलो जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. हे आकडे इंधनाच्या रासायनिक घडणीवरून कागदावरच काढता येतात. नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि काजळी यांचे मात्र तसे नाही. ती इंजिनाच्या रचनेवर आणि त्या क्षणी इंजिन किती जोराने चालले आहे यावर अवलंबून असतात, म्हणून प्रत्यक्ष मोजावी लागतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, या मोजणीसाठी एक ठरावीक चक्र आखून दिले आहे. त्यात चाचणीच्या इंजिनाचे उत्सर्जन चार पातळ्यांवर मोजतात आणि प्रत्येक पातळीला ठरावीक वेळ धरतात: उड्डाणासाठी पूर्ण जोरावर ०.७ मिनिटे, वर चढताना ८५ टक्के जोरावर २.२ मिनिटे, उतरताना ३० टक्क्यांवर ४ मिनिटे आणि जमिनीवर रांगताना अवघ्या ७ टक्क्यांवर २६ मिनिटे. ही २६ मिनिटे विमानतळाच्या शेजाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहेत, कारण मंद चालणाऱ्या इंजिनात ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन प्रामुख्याने तेव्हाच बाहेर पडतात. नायट्रोजनची ऑक्साइडे याउलट पूर्ण जोराच्या प्रखर उष्णतेत वाढतात. हे चक्र ३,००० फुटांच्या खालच्या हवेचाच विचार करते. लांबच्या प्रवासात बहुतांश इंधन त्याच्या कितीतरी वर जळते, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे.

त्याहून खोल अडचण कणांच्या आकाराची आहे. हवेच्या गुणवत्तेच्या नेहमीच्या अहवालांत पीएम २.५ दिलेले असते, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांचे एक घनमीटर हवेतील वजन. विमानाच्या धुरातले बरेचसे कण १० ते २० नॅनोमीटरचे असतात (एक मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर). घनता सारखी धरली, तर २.५ मायक्रोमीटरच्या एकाच कणाच्या वजनाइतके वजन भरायला २० नॅनोमीटरचे सुमारे साडेएकोणीस लाख कण लागतात. त्यामुळे हवेत असे कण प्रचंड संख्येने आले तरी वजनाचा आकडा जेमतेम हलतो.

मग हे कण मोजायचे कसे? ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असल्याने थेट दिसत नाहीत. म्हणून हवेचा नमुना आधी ब्युटेनॉल नावाच्या अल्कोहोलच्या वाफेतून नेतात आणि लगेच थंड करतात. प्रत्येक कणाभोवती ती वाफ द्रवरूप होऊन थेंब तयार होतो, थेंब मायक्रोमीटरच्या मापाचा झाला की तो लेसरच्या झोतातून जाताना प्रकाश विखुरतो आणि एकेक लकाकी मोजली जाते. अशी उपकरणे गाडीत ठेवून संशोधकांनी लॉस एंजलिसच्या विमानतळापासून वारा वाहतो त्या दिशेने नोंदी घेतल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विमानतळापासून ८ ते १० किलोमीटरवरही कणांची संख्या इतरत्रच्या चौपट-पाचपट आढळली आणि १६ किलोमीटरपर्यंत ती किमान दुप्पट होती. प्रदूषण कुंपणाच्या आतबाहेरच रेंगाळते, ही समजूत अशा नोंदींपुढे टिकत नाही.

इतके लहान कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरू शकतात. लॉस एंजलिसमध्येच दम्याच्या रुग्णांना धुराच्या पट्ट्यातील आणि पट्ट्याबाहेरील उद्यानांत चालायला लावून त्यांच्या रक्तातील दाहाच्या खुणा तपासल्या गेल्या, तेव्हा विमानांच्या कणांशी जोडलेली वाढ दिसली. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाच्या परिसरातील मुलांमध्ये कणांची संख्या जास्त असलेल्या दिवसांत श्वसनाच्या तक्रारी वाढल्याचे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला आढळले. मात्र विमानांचे कण रस्त्यावरील वाहनांच्या कणांपेक्षा निराळे परिणाम करतात असे त्यात दिसले नाही. दीर्घकालीन परिणाम सिद्ध करणे अधिक अवघड असते, कारण विमानतळाजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला गोंगाट आणि वाहनांचा धूरही येतो. तो गुंता सोडवताना वाऱ्याची दिशा, कणांचा आकार आणि त्यांची घडण यांचा आधार घेतात. फ्रँकफर्टच्या संशोधकांना अतिसूक्ष्म कणांत जेट इंजिनाच्या वंगणतेलाचे अंश सापडले. ही ओळखखूण मला फार मोलाची वाटते, कारण ते तेल मोटारींत नसते.

धुरातले काजळीचे कण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वेगळे काम करतात. तिथल्या थंड हवेत धुरातली वाफ त्यांच्यावर गोठते, बर्फाचे स्फटिक बनतात आणि विमानामागे पांढरी रेघ उमटते. हवा पुरेशी दमट असेल तर ती रेघ तासन्‌तास टिकते व पसरून पातळ ढग होते. असे ढग दिवसा काही सूर्यप्रकाश परतवतात. रात्री मात्र पृथ्वीची उष्णता अडवण्याचेच काम करतात. २०२१ च्या एका व्यापक आढाव्यानुसार मानवनिर्मित तापमानवाढीच्या परिणामात विमान वाहतुकीचा वाटा सुमारे ३.५ टक्के आहे आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर कारणांचा, मुख्यतः या ढगांचा आहे. या ढगांच्या परिणामाचा अंदाज अजून बराच ढोबळ आहे.

म्हणूनच इंधनावरचे प्रयोग महत्त्वाचे ठरतात. काजळी मुख्यतः इंधनातील ॲरोमॅटिक, म्हणजे कार्बनच्या कड्यांच्या रचनेच्या, संयुगांतून तयार होते. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश व विमान संशोधन संस्थेच्या विमानाने पूर्णतः शाश्वत, म्हणजे खनिज तेलापासून न बनवलेल्या, इंधनावर उडणाऱ्या एअरबस ए३५० चा पाठलाग करून तिच्या धुराचे नमुने घेतले. नेहमीच्या इंधनाच्या तुलनेत काजळीचे कण ३५ टक्क्यांनी, तर बर्फाचे स्फटिक ५६ टक्क्यांनी कमी भरले. ॲरोमॅटिक घटक कमी केले तर धावपट्टीशेजारच्या फुप्फुसांना आणि उंचावरच्या हवेला एकदमच लाभ होऊ शकतो, आणि नेहमीच्या केरोसिनवर शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनची प्रक्रिया करूनही ते कमी करता येतात.

नियमही हळूहळू कणांच्या संख्येकडे वळत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एक घनसेंटीमीटर हवेत २४ तासांच्या सरासरीने १०,००० पेक्षा अधिक अतिसूक्ष्म कण असणे ही उच्च पातळी मानली. इकाओचे कणसंख्येचे मानक २०२३ पासून लागू आहे, पण ते फक्त घन कणांना आहे. मोजणीआधी नमुना तापवून बाष्पनशील भाग काढून टाकला जातो. धूर थंड होताना गंधकापासून आणि वंगणतेलापासून तयार होणारे कण त्यामुळे त्या गणतीत येतच नाहीत, आणि विमानतळाजवळच्या हवेतील कणसंख्येत त्यांचा वाटा मोठा असतो.