फिटची गोळी हार्मोन कमी करते, की हार्मोन गोळीची लेव्हल उतरवतात?

फिटच्या गोळीने हार्मोन बिघडतात म्हणे, असं कुठेतरी ऐकून दिवस राहिल्याबरोबर परस्पर गोळी बंद करणाऱ्या मुली आहेत आणि ते फार धोक्याचं आहे, म्हणून लिहितेय. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

एक म्हणजे गोळी हार्मोन कमी करते. टेग्रेटॉल, एप्टॉइन, गार्डिनल या जुन्या गोळ्या लिव्हरमधली एन्झाइम्स वाढवतात, मग गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन शरीरात लवकर संपतात आणि ती रोज नेमाने घेऊनही नको असताना दिवस राहू शकतात. अशा वेळी तांबी बरी, तिच्यात हार्मोनच नसतात.

दुसरी बरोब्बर उलटी, आणि गरोदरपणात खरी काळजी हिचीच. लॅमोट्रिजिन ही फिटचीच एक गोळी बघा. इस्ट्रोजेन वाढत जातं तसं लिव्हर ही गोळी भराभर बाहेर टाकायला लागतं, डोस तोच, वेळ तीच, तरी रक्तातली लेव्हल काही जणींमध्ये निम्म्याच्याही खाली येते. मग फिट आली की घरातले म्हणणार, गोळी चुकवली असशील. तिने एकही चुकवलेली नसते हो! लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या गोळीची लेव्हलही उतरते, पण तिथे किडनी जास्त काम करते म्हणून.

त्यामुळे दिवस राहायच्या आधीच, फिट कंट्रोलमध्ये असताना, आपली लेव्हल तपासून रिपोर्ट जपून ठेवा, पुढे डोस वाढवताना न्यूरो (मेंदूचे डॉक्टर) त्याच्याशीच ताडून बघतात. अमेरिकेतल्या मोनीड अभ्यासात (२०२०) बहुतेक गरोदर बायकांचे डोस बदलले गेले, आणि त्यांच्यात फिट वाढण्याचं प्रमाण गरोदर नसलेल्या बायकांइतकंच राहिलं.

व्हॅल्प्रोएटचं (हीही फिटचीच गोळी) वेगळं आहे, त्याने साधारण १० पैकी १ बाळात जन्मजात दोष दिसतो, म्हणून ते शक्यतो आधीच बदलून घ्यायचं, पण तेही मनाने बंद नाही करायचं, एकदम थांबवलं तर मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

आणि बाळंतपणानंतर सगळं उलटं फिरतं. इस्ट्रोजेन कोसळतं, दोन-तीन आठवड्यांत लॅमोट्रिजिनची लेव्हल वर चढते, आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर चक्कर, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं, ज्याला सगळे बाळंतिणीचा अशक्तपणा समजतात. तोवर मुलगी माहेरी आणि न्यूरो दुसऱ्या गावात, म्हणून डोस कधी आणि कितीने उतरवायचा ते डिलिव्हरीच्या आधीच कागदावर लिहून घ्या.