साखरेचा आजार, पण हिशोब चरबीचाही

टाइप १ मधुमेह असलेल्या, म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही अशा मुलाच्या घरी सगळ्यांचा डोळा साखरेच्या आकड्यावर असतो. ते साहजिकच आहे. पण शरीरातली चरबी कधी साठवायची आणि कधी मोकळी करायची, हेही बरंचसं इन्सुलिनच ठरवतं. त्यामुळे या मुलांच्या रक्तातली मेदाम्लं (चरबीचे मूळ घटक) पाहून ‘हा काय खातो’ एवढाच निष्कर्ष काढला, तर अर्धी गोष्ट हातची जाते.

इन्सुलिन पुरेसं असलं की चरबीच्या पेशींतून मेदाम्लं बाहेर पडण्याला लगाम बसतो. ते फार कमी पडलं की मेदाम्लांचा लोंढा रक्तात येतो, यकृत त्यांच्यापासून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्यं बनवू लागतं आणि कीटोन साठत गेले की रक्ताची आम्लता धोकादायक पातळीला जाते. अशा मुलाला तातडीने रुग्णालयातच न्यावं लागतं. त्याच वेळी रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातून वाहणारी चरबी) फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही (एन्झाइम) मंदावतं. म्हणून निदानाच्या वेळी वाढलेली ट्रायग्लिसराइड्स पुष्कळदा इन्सुलिन सुरू झाल्यावर आपोआप उतरतात. तेवढ्यासाठी घाईघाईने ताटातलं तेल काढून टाकण्यात अर्थ नसतो.

खरी गंमत पुढे आहे. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. पहिल्यापासून शरीर अरॅकिडॉनिक आम्ल बनवतं. दुसरं ओमेगा-३ गटातलं; त्यापासून त्याच गटातली ईपीए आणि, थोड्या प्रमाणात का होईना, मेंदू व डोळ्यांच्या पडद्याला लागणारं डीएचए ही मेदाम्लं. हे काम डेल्टा-६ आणि डेल्टा-५ डिसॅच्युरेज ही विकरं करतात, आणि त्यांना इन्सुलिनची साथ लागते. मधुमेही केलेल्या उंदरांमध्ये ही विकरं थंडावतात आणि इन्सुलिन दिल्यावर पुन्हा कामाला लागतात. मुलांवरच्या काही अभ्यासांतही लिनोलिक जास्त आणि अरॅकिडॉनिक किंवा डीएचए कमी असं चित्र दिसलं आहे, मात्र सगळ्या अभ्यासांत ते सारखं नाही. म्हणजे कच्चा माल पोटात गेला, तरी पक्का माल तयार होईलच असं नाही.

नमुना कुठून घेतला, यानेही फरक पडतो. रक्तद्रवातली मेदाम्लं अलीकडच्या खाण्याबद्दल सांगतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे त्यांच्या आवरणातली मेदाम्लं काही आठवड्यांची, महिन्यांची सरासरी दाखवतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणीही याच पेशींच्या आयुष्यावर बेतलेली आहे.

ओमेगा-३ बद्दलची उत्सुकता वाढण्यामागे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला, २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. टाइप १ चा धोका जास्त असलेल्या ज्या मुलांच्या आहारात ओमेगा-३ अधिक होतं, त्यांच्यात इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडावर प्रतिकारशक्ती उलटल्याचं प्रमाण कमी आढळलं. पण हे फक्त निरीक्षण होतं. त्याच्या भरवशावर, आजार जडलेल्या मुलाला लागणारं इन्सुलिन ओमेगा-३ च्या कॅप्सूलने कमी होईल असं कुणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नये.

आहाराचा सल्ला त्यामानाने साधा आहे. वाढत्या मुलाची चरबी तोडायची नाही, तिचा प्रकार बदलायचा. संपृक्त चरबी (तूप, लोणी यांतली) एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवायची. मासे, अक्रोड, जवस, वनस्पती तेलं यांना जागा द्यायची. एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. तेलकट जेवणानंतर जठर सावकाश रिकामं होतं आणि साखर कित्येक तासांनी, कधी मूल झोपल्यावर, चढते. इन्सुलिन पंप (अंगावर लावलेलं, सतत इन्सुलिन देणारं यंत्र) असलेल्या मुलांना अशा जेवणाचं इन्सुलिन दोन हप्त्यांत देता येतं. इंजेक्शन घेणाऱ्यांचा डोस कसा बसवायचा, हे त्या मुलाच्या रात्रीच्या नोंदी पाहूनच डॉक्टर ठरवतात.